प्रजाती: ?

मे महिन्यात माहुलीला कृष्णा इतकी खाली जाते
की वेण्णा कुठे मिळाली ते बोटाने दाखवावं लागतं.
मी आणि इक्बाल मुजावर घाटाखाली अकीक वेचत होतो.
तो बोअर मारतो, त्याला दगड आवाजावरून कळतो.
माझ्या हाताला एक काळा गोटा लागला,
लिंबाएवढा, एका बाजूने उकललेला,
आत गुंडाळी, गुंडाळीला बरगड्या.

इक्बालने तो कानाशी नेऊन नखाने वाजवला.
"मॅडम, हा आपल्याकडचा नाही.
वाठारला साडेचारशे फूट गेलोय मी,
मांजऱ्या, काळा, गेरू, परत काळा.
आपल्या दगडात हाड नसतं."

खरंच होतं. आपला दगड आगीतून आलेला,
त्याने समुद्र पाहिलेला नाही.
हा मात्र समुद्रातच वाढला, एकेक खोली बांधत,
मागची खोली बंद करून पुढे राहायला जात.

रात्री ओट्यावरच्या दिव्याखाली बसले.
जुना टूथब्रश, गोधडीची सुई, भिंग.
सुईच्या टोकावर पिवळट चुरा आला,
कॅल्साइट असेल म्हणून नाकाशी नेला.
चंदन.
किती वर्षांचं गंध, थरावर थर,
खोबणीत बसून तेही दगड व्हायला निघालेलं.

म्हणजे कुणाच्या तरी देव्हाऱ्यातला. गंडकीकडून आलेला.
फुटला म्हणून सोडला नसणार, उकललेला होता म्हणूनच चक्र दिसत होतं.
मग पूजेला कुणी उरलं नसेल, किंवा फ्लॅट लहान,
किंवा एखाद्या सुनेने नदीला हळूच सांगितलं असेल, आता तू बघ
...
हे माझं काम नाही.
माझं काम बरगड्या मोजायचं.

बरगडी नाभीपासून निघते, अर्ध्यापर्यंत सरळ येते,
मग तिला फाटा फुटतो. दोन.
सोळा मोजल्या. एकीला तीन वाटले, पण तिथे चष्माही थकला होता.
फाट्यावर गाठ असेल तर ब्लॅनफर्डिसेरास.
गाठ नाही, पण कडेला बरगड्या थांबून मध्ये पन्हळ, तर ऑलॅकोस्फिंक्टिस.
न थांबता पलीकडे गेल्या, तर व्हर्गॅटोस्फिंक्टिस.
वहीत तीन नावं, तीन चौकटी.

पुण्याला टिपणीस बाईंना फोटो पाठवले.
एक्याऐंशी वर्षांच्या, पण फोन लगेच आला.
"घराणं कळलं गं. बाहेरची कड दाखव,
तिच्याखेरीज प्रजाती सांगायची नाही मी."

बाहेरची कड.
तिथेच अंगठा बसतो. माझाही बसला.
रोज पहाटे तिथेच धरून
पळीभर पाणी, मग मऊ फडकं, मग ताम्हन.
कितीजणांचे अंगठे, कोण जाणे.
पन्हळ असेल तर भरून निघालेली, बरगड्या असतील तर गेलेल्या,
आणि फाट्यांवरच्या गाठी असल्याच तर गंध लावणाऱ्या बोटाने नेलेल्या.
पंधरा कोटी वर्षं जे टिकलं
ते आंघोळीने गेलं.
नाव होतं अर्ध्या इंचावर, आणि नेमका तेवढाच अर्धा इंच
लोकांनी जिव्हाळ्याने पुसला.

आई म्हणायची, नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये.
मी दोन्ही एका रात्रीत विचारायला बसले होते.

उजाडताना रजिस्टर काढलं.
क्रमांक २१४. सापडल्याचं ठिकाण: माहुली, घाटाखाली, वाळूत.
मूळ ठिकाण: रिकामं.
प्रजाती: प्रश्नचिन्ह, पेन्सिलीने.
शेरा: कड झिजलेली.
झिजण्याचं कारण असा रकाना आमच्या रजिस्टरात नाही,
समासात लिहिलं, स्नान.
सुईवरचा चुरा पुडीत बांधून डबीत ठेवला. तो कुठल्या क्रमांकावर घालायचा?

संध्याकाळी इक्बाल आला. मळक्या रुमालात हिरवा अपोफिलाइट,
रहिमतपूर रोडच्या बोअरमधला, काचेसारखा, कोपरे शाबूत.
"ह्याचं तरी नाव येतं ना?"
आलं. एका दमात लिहिलं, शाईने.
तो चहा पीत दोनशे चौदाची डबी उघडून बघत होता,
आणि बोलता बोलता त्याचाही अंगठा
तिथेच जाऊन बसला.